तंबूत पाणी आलं, पण पाऊस नव्हता

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २८ वर्षांच्या. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. बेळगावात सासू-सासऱ्यांसोबत राहतात. त्या पतसंस्थेत नोकरीला, यजमान उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये. दोघांना एकमेकांसाठी असा निवांत वेळ मिळत नाही, म्हणून यजमानांनी दोन माणसांचा तंबू ऑनलाइन मागवला आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोघं दुचाकीवरून कणकुंबीच्या पुढे सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर गेले. पोचेपर्यंत पावणेसात झाले होते. मेखा जमिनीत जाईनात, त्यात वारा सुटला. जनावर, विंचूकाटा आत येईल या भीतीने पत्रलेखिकेने तंबूच्या सगळ्या चेनी बंद करायला लावल्या. आभाळ निरभ्र होतं, तरी मध्यरात्रीनंतर आतून पाणी टपकायला लागलं, अंथरूण ओलं झालं, थंडीने झोप उडाली. लघवीची सोय नाही म्हणून त्या संध्याकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. दोन वाजता भांडण, तीन वाजता सामान गुंडाळून जांबोटीच्या रस्त्याने परत. "तुझ्यामुळे सगळं फसलं," हे वाक्य त्यांना अजून बोचतं. आता जानेवारीत पुन्हा जायचं यजमानांच्या मनात आहे, या वेळी धबधब्याजवळ. "आधीच सगळं ठरवलं की मजा जाते," असं त्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, "घरदार असताना रानात कशाला झोपायचं?" पत्रलेखिका विचारतात: घरात कटकट नको म्हणून हो म्हणू, की सरळ नाही सांगू?

ताई,

हो की नाही हे ठरवण्याआधी तंबूत पाणी कुठून आलं ते पाहू. यजमानांच्या मते तंबू गळका निघाला. तुमच्या मते असली हौस आपल्या पिंडातच नाही. मला दोन्ही पटत नाही. तंबू बहुधा धड आहे आणि तुमच्या पिंडाचा इथे काही संबंध नाही. ते पाणी तुमच्या दोघांच्या श्वासाचं होतं.

दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगातून पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापड आपली ऊब आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. गवतावर दव पडतं ते याच कारणाने. ती वाफ त्या गार कापडाला लागली की थेंब धरतात, आणि वाऱ्याने कापड हललं की तेच थेंब अंगावर. भाताच्या डेचकीवरचं झाकण उचलल्यावर आतून पाणी ओघळतं ना, तसंच. सगळ्या चेनी बंद असल्यामुळे त्या वाफेला बाहेर जायला वाटच उरली नव्हती.

म्हणजे चेनी बंद केल्यामुळे पाणी आलं, एवढ्यापुरतं यजमानांचं बोलणं खरं निघतं. पण तुम्ही चेनी भीतीने बंद करायला लावल्यात, आणि ती भीती वाजवी होती. चूक कुठे झाली असेल तर ती इथे: तंबू घेतल्यावर घरी एकदाही उलगडून पाहिला गेला नाही. पाहिला असता तर कळलं असतं की दुपदरी तंबूत आतली खोली जाळीची असते आणि तिला स्वतःची वेगळी चेन असते. डास, विंचू, साप यांना अडवायचं काम त्या जाळीचं. ती चेन शेवटपर्यंत, कोपऱ्यापर्यंत बंद ठेवायची. बाहेरचं छत फक्त पावसासाठी आणि दवासाठी, त्याची वरची झडप आणि दाराचा वरचा तिसरा हिस्सा थंडीतही उघडाच हवा. छताची कड जमिनीपासून चार बोटं वर राहिली पाहिजे आणि ते इतकं ताणलेलं पाहिजे की आतल्या जाळीला कुठेच टेकणार नाही. टेकलं की तिथूनच पाणी आत झिरपतं. एवढं केलं की तुमची भीतीही राखली जाते आणि अंथरूणही कोरडं राहतं.

तुमचा तंबू एकपदरी असेल, म्हणजे एकच कापड आणि त्यालाच छोटी जाळीची खिडकी, तर मात्र हिवाळ्यात त्यात कोरडी झोप मिळणं अवघड आहे. तो उन्हाळ्यात गच्चीवर वापरा. आणि "दोन माणसांचा" या शब्दावर फार विसंबू नका. अशा तंबूची रुंदी साधारण १३० ते १४० सेंटिमीटर असते, म्हणजे दोन माणसं अंगाला अंग लावून, बाहेरच्या बाजूचे खांदे भिंतीला टेकवून झोपणार. नवीन घ्यायची वेळ आली किंवा कुणाकडून मागून न्यायचा असेल तर तीन माणसांचा बघा.

आता थंडी. कणकुंबी डोंगरात आहे म्हणून गारठा जास्त, असं तुम्ही लिहिलंय. पण बेळगावच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. घाटमाथा त्याहून फार उंच नाही. त्या रात्री तुम्हाला गारठवलं ते ओल्या पांघरुणाने, वाऱ्याने आणि सगळ्यात जास्त खालच्या जमिनीने. अंगाखाली तुम्ही सतरंजी आणि गोधडी घातली होती. अंगाच्या वजनाने सुती कापड दबतं, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवायला हवाच लागते. वरून सुती कापड ओल शोषून बसतं. अंगाखाली दहा मिलिमीटर जाडीची फोमची चटई प्रत्येकी एक, आणि तिच्यावर घोंगडी. घोंगडी जड असते, दुचाकीवर तिचं गाठोडं मोठं होतं हे खरं, पण लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग, विकत घेणार असाल तर लेबलवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' हे बघा. 'एक्स्ट्रीम'चा आकडा म्हणजे त्या थंडीत माणूस कसाबसा तग धरेल, झोपणार नाही. आपल्याकडच्या जानेवारीला कम्फर्ट दहा अंश पुरेसं. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, बाटलीला मोजा चढवून पायाशी ठेवा. दोन-तीन तास तरी ऊब राहते.

तंबूच्या आत किंवा दाराच्या आडोशाला शेगडी, कोळसे, गॅस काहीही पेटवू नका, कितीही गारठा असो. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, आणि त्याने माणूस झोपेतच जातो. निखारे विझत आलेले दिसले तरी तो निघत राहतो. इथे तडजोड नाही.

मेखांबद्दल. चोर्ला-कणकुंबीचा सडा म्हणजे जांभा दगड, वर जेमतेम दोन बोटं माती. तिथे मेख जाणारच नाही, ठोकत राहिलात तर वाकेल. मातीच्या जागी वीतभर लांबीची मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून, साधारण पंचेचाळीस अंशांत ठोकायची. सड्यावर वेगळी युक्ती लागते. दोरीच्या टोकाला हातभर काठी बांधा, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि काठीच्या अलीकडे, तंबूच्या बाजूला, दोरीवर आठ-दहा किलोचा दगड ठेवा. दोरी ताणली की काठी दगडाला अडते. दगडाला नुसती दोरी गुंडाळली तर जांभ्याच्या खरखरीत कडांवर ती रात्रभर घासते आणि पहाटे तुटते. हिवाळ्यात घाटमाथ्यावर रात्री उशिरा बहुधा पूर्वेकडून वारा उतरतो, म्हणून तंबूची अरुंद बाजू पूर्वेला करा आणि दार आडोशाच्या बाजूला.

हे सगळं पहिल्यांदा तिथे जाऊन करायचं नाही. जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत गच्चीवर तंबू दोनदा उभा करा: एकदा दिवसा, एकदा रात्री गच्चीचा दिवा बंद करून, नुसत्या डोक्याच्या टॉर्चवर. मेखांऐवजी भरलेल्या बादल्यांना दोऱ्या बांधा. दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटांत उभा राहिला पाहिजे. मग झारीने वरून दहा मिनिटं पाणी घाला आणि एकाने आत बसून शिवणींवर हात फिरवून बघा. जिथे ओल लागेल तिथे खडूने खूण करा, वाळल्यावर शिवणीचा लेप लावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. जमलं तर एक रात्र गच्चीवरच झोपा. "आधीच सगळं ठरवलं की मजा जाते," असं म्हणणाऱ्याला ही एक रात्र बरंच सांगून जाईल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आता जागेकडे येते, कारण या पत्रातली सगळ्यात नाजूक बाब तीच आहे. धबधब्याजवळ, रानात, मिळेल तिथे तंबू टाकायचा हा यजमानांचा बेत मला मान्य नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेची जमीन एकतर कुणाच्या मालकीची, नाहीतर वनखात्याची. याच पट्ट्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, त्याचं क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे, मुक्काम आणि जाळ तर पुढचीच गोष्ट. कायदा बाजूला ठेवला तरी, ओढ्याकाठची सखल जागा रात्री सगळ्यात गार आणि सगळ्यात दवाची असते, कारण गार हवा पाण्यासारखी खाली उतरून तिथे साचते. जनावरंही पाण्यावर तिथेच येतात. त्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, खानापूर-चंदगड पट्ट्यात हत्तींचा वावर आहे. जनावराच्या वाटेत आपण झोपायचं आणि ते आलं की घाबरायचं, यात जनावराचा काय दोष?

माझा आग्रह असा की पहिली रात्र वस्तीला लागून असलेल्या मालकीच्या जागेत काढा. जांबोटी, कणकुंबी या भागात कुणाच्या ओळखीचं शेतघर निघतंच. तुमच्या पतसंस्थेत किंवा यजमानांच्या कारखान्यात त्या बाजूचा एखादा माणूस असेलच. जानेवारीपर्यंत भाताची मळणी उरकलेली असते. घराजवळचं शेणाने सारवलेलं खळं हे तंबूला फार चांगलं: सपाट, उघडं, आणि पाचोळा नाही. पण खळ्यात मेखा ठोकू नका. सारवण फुटतं, भोकं पडतात आणि ती माउली पुन्हा सारवत बसते. कडेला दगड किंवा भाताची पोती असतील त्यांना दोऱ्या बांधा, तेही विचारून. कापलेल्या भाताच्या वाफ्यात टाकणार असाल तर धसकटं तंबूचा तळ फाडतात. खाली जाड ताडपत्री घाला आणि ती तंबूपेक्षा चार बोटं लहान ठेवा. मोठी ठेवली तर छतावरून ओघळलेलं दव ताडपत्रीवर साचून तळाखाली शिरतं. काजूच्या झाडाखाली, बांबूच्या बेटाजवळ आणि वाळकी फांदी लटकत असलेल्या झाडाखाली नको. रात्रीचे पैसे आधी ठरवून द्या आणि निघताना त्यांच्याकडून थोडे तांदूळ विकत घ्या. फुकट राहिलेला पाहुणा दुसऱ्यांदा आला की घरच्यांना जडच जातो.

यजमानांना रानच हवं असेल तर सरळ मार्गही आहे. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस या संस्थेचा भीमगडला कॅम्प आहे, आधी नोंदणी करून जाता येतं. खर्च वाढतो, पण परवाना, संडास, जेवण आणि सोबतीला वाटाड्या यांची चिंता मिटते. तिसरा पर्याय चंदगड तालुक्यातल्या किल्ल्यांचा. महिपाळगड बेळगावपासून जवळ, पायथ्याला देवरवाडीचं वैजनाथ मंदिर. पारगड थोडा लांब, तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांच्याकडे महाराजांनी सोपवलेला. या दोन्ही गडांवर आजही वस्ती आहे. दिवसभर हिंडून रात्री एखाद्या घराच्या पडवीत पथारी टाकायची, विचारून आणि पैसे देऊन. तंबूशिवायही रात्र डोंगरातलीच असते.

दिवस निवडताना दिनदर्शिका काढून शुक्ल पक्षातला, अष्टमी उलटलेला शनिवार बघा. संध्याकाळपासून चांदणं मिळतं आणि पहिल्या खेपेला तो फार मोठा आधार असतो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातला मिट्ट काळोख. तुम्ही नेमक्या त्याच वेळी पोचला होता. या वेळी चार वाजता तिथे असा. तंबू, अंथरूण, पाणी, संडासची वाट, हे सगळं उजेडात बघून घ्यायचं आणि पाचला चहा. शनिवारी तुम्हाला सुटायला उशीर होणार असेल तर तो शनिवार सोडून द्या, धावपळ करू नका.

संडास-लघवीची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी, लाजत लिहिली आहे. माझ्या मते जागा निवडताना ती पहिली अट असावी: शेतघराला संडास आहे का, रात्री तो उघडा असतो का, हे फोनवर आधीच विचारा, आणि ते यजमानांनी विचारावं. पाणी न पिणं हा उपाय नाही. लघवी तुंबवून धरली की जळजळ, संसर्ग होतो आणि अंगात पाणी कमी असलं की थंडीही जास्त वाजते. संडास नसेलच तर ओढ्या-विहिरीपासून ऐंशी पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. त्यासाठी छोटं खुरपं न्या. कागद आणि पॅड पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. दोन पिशव्यांत, आत चमचाभर खाण्याचा सोडा टाकून, घट्ट बांधून घरी आणायचे. पाळीची तारीख त्याच सुमारास येत असेल तर बेत पुढे ढकला म्हणायला संकोच करू नका, आणि जायचंच असलं तरी जाता येतं, सोय झाली की अडत नाही. रात्री उठावं लागलं तर दोघांनी उठायचं. एकाने टॉर्च धरून पाठमोरं उभं राहायचं. बूट तंबूच्या आत ठेवलेले असावेत आणि घालण्याआधी उलटे करून झटकावेत.

सापांचं थोडक्यात. आपल्या भागात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा मुख्य साप मण्यार. त्याचा दंश कधी कधी मुंगी चावल्यासारखाच जाणवतो आणि खूणही धड दिसत नाही. जाळीची चेन पूर्ण बंद असणं हाच त्यावरचा खरा बंदोबस्त. तंबूत खाऊ नका, कारण खरकट्याला उंदीर येतो आणि उंदराच्या मागे साप. दंश झालाच, किंवा नुसता संशय आला, तरी कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, १०८ला फोन लावायचा आणि खानापूर किंवा बेळगावचं सरकारी रुग्णालय गाठायचं. कणकुंबीहून बेळगाव तासाभराहून जास्त आहे, म्हणून शेतघरवाल्यांकडे रात्री कुणाची चारचाकी मिळेल हे पोचल्यावरच विचारून ठेवा. चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलला रेंज कुठे मिळते, कुठे मिळत नाही. ते उभं राहायचं ठिकाणही विचारा.

सापाइतकी भीती कुणी घेत नाही, पण ज्याची घ्यायला हवी ती गोष्ट म्हणजे गोचीड. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या काही वर्षांत आपल्या घाटाला लागून असलेल्या गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका तुमच्या सहलीचा. गोचीड पाचोळ्यात असते. म्हणून काजूबागेतल्या पाचोळ्यावर चादर टाकून बसायचं नाही. पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला, म्हणजे गोचीड दिसते. पँटची टोकं मोज्यात खोचा. उघड्या अंगाला आणि कपड्यांना गोचीड पळवणारं तेल लावा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, गावात सांगायचं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत एकमेकांचं अंग नीट तपासायचं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, निखारा, पिळणं काही नाही. तीन ते आठ दिवसांत अचानक ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना "रानात जाऊन आलो" हे आधी सांगा.

जेवणाची फार मांडामांड नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, चिरमुरे घरून न्या. गरम म्हणून एकच खिचडी: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, मसाला घरूनच पुडीत बांधलेला. २३० ग्रॅमचा गॅसचा डबा एका रात्रीला भरपूर होतो, खिचडी, दोनदा चहा आणि बाटल्यांचं गरम पाणी धरून शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतो. वारा लागला तर दुप्पट जातो, म्हणून आडोसा करा. पण डब्याला चारी बाजूंनी पत्रा लावून झाकू नका, डबा तापून फुटतो. शेकोटी हवी असेल तर शेतघराच्या अंगणात, त्यांच्या चुलीपाशी. रानात नाही. आणि कुणी गोव्याहून बाटली आणायला सांगितली तर नको म्हणा, ती कर्नाटकात आणणं गुन्हा आहे.

आता त्या परतीच्या प्रवासाकडे या. त्या सबंध रात्रीत तुम्ही केलेली सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे पहाटे तीनला, अर्धवट झोपेत, भांडलेल्या मनाने दुचाकीवरून जांबोटीचं रान पार करणं. ओला तंबू माणसाला मारत नाही. वळणावर उभा असलेला गवा दुचाकीवाल्याला मारू शकतो. म्हणून या वेळी दोघांत निघण्याआधीच एक बोली करून घ्या. संध्याकाळी सहापर्यंत दोघांपैकी कुणीही "परत जाऊ" म्हणालं तर कारण न विचारता निघायचं. सहानंतर रस्त्यावर यायचं नाही, तंबू जमला नाही तर शेतघराच्या पडवीत झोपायचं. शेतघराची जागा मी एवढ्या आग्रहाने सांगते ती यासाठीच. तुमच्या पत्रावरून वाटतं, त्या रात्री तुम्हाला भीती तंबूची कमी आणि "आता इथून सुटका नाही" याची जास्त होती. सुटकेची वाट आधीच ठरलेली असली की माणूस बऱ्याचदा ती न वापरताच रात्र काढतो.

"तुझ्यामुळे" या शब्दाचं काय करायचं? तो रात्री दोन वाजता, उपाशीपोटी, ओल्या कपड्यात निघालेला शब्द आहे, त्याला जन्मभराच्या मताचं वजन देऊ नका. पण गिळूनही टाकू नका. चहाच्या वेळी, सासूबाई आसपास नसताना, शांतपणे म्हणा: "पाणी का आलं ते मला कळलंय. चेनी मी बंद करायला लावल्या, पण तंबू आपण दोघांनीही उलगडून पाहिला नव्हता. तुम्ही 'तुझ्यामुळे' म्हणालात ते मला लागलं." एवढंच, आणि मग त्यांना बोलू द्या. मशीनशॉपमध्ये काम करणारा माणूस आहे, मोजमाप त्याच्या हातात रोजचं. घरी तंबू उभा करून एक जोड तपासायला दिला की "ठरवण्यात मजा नाही" हे त्यांचं मत टिकणार नाही असा माझा अंदाज आहे.

तुमच्या पत्रात एक ओझरतं वाक्य आहे: जाण्याआधी सगळा डबा तुम्ही बांधला, आल्यावर भांडी तुम्ही घासलीत आणि ओल्या चादरी तुम्ही वाळत घातल्यात. मग सुट्टी कुणाची झाली? या वेळी वाटणी करून घ्या. तंबू लावणं तुम्ही शिका, खिचडी यजमान करू देत. दमल्यावर, अंधारात, ज्याला जे येतं ते त्यानेच करायचं अशी सवय पडली की दुसरा नुसता बघत बसतो, आणि बघत बसलेल्यालाच जास्त भीती वाटते.

सासूबाईंचा प्रश्न मला विरोध वाटत नाही. मागच्या खेपेला पहाटे साडेचारला दारात मुलगा-सून कुडकुडत उभे दिसल्यावर कुठलीही आई हेच म्हणेल. त्यांना गावाचं नाव, शेतघरवाल्यांचा नंबर आणि रविवारी किती वाजेपर्यंत याल, हे कागदावर लिहून द्या. "रात्री आठला फोन करतो, लागला नाही तर शेतघरच्या फोनवरून करतो," असं यजमानांनीच सांगावं. दोघांची ओळखपत्रं सोबत असू द्या.

आणि हे सगळं वाचूनही मन तयार होत नसेल तर "नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कटकट नको म्हणून दिलेला होकार मध्यरात्री दोन वाजता पुन्हा वर येतो, तो देऊ नका. "नाही" सांगताना सोबत पर्यायही ठेवा: महिपाळगडची एक दिवसाची चाल, किंवा पारगडावर घरगुती मुक्काम. दोघांना निवांत वेळ हवा होता. तंबू ही त्यासाठीची एक वाट होती.

उत्तर हो असो वा नाही, एक काम या रविवारीच करा. तंबू नोव्हेंबरात ओला गुंडाळला आणि तसाच माळ्यावर टाकला असं तुम्ही लिहिलंय. तो खाली काढा. वास कुबट असेल, काळे ठिपके असतील तर कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ फडक्याने पुसा. मशीनमध्ये टाकू नका, ब्रश नको. सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हाने कापड कमजोर होतं. मग छताच्या आतल्या बाजूला बोट दाबून बघा. बोट चिकटलं, किंवा पांढरट पापुद्रे सुटून आले, तर त्यावरचा पाणी अडवणारा लेप गेला आहे. असला तंबू घेऊन जानेवारीत जाऊ नका.